सफ्रानबोलू (तुर्कस्तान): मुक्कामाला जाणाऱ्यांसाठी धागा

केशरवाट
तुर्कस्तानच्या सहलीत इस्तंबूल, कापादोकिया, पामुक्काले हा मार्ग बहुतेकांचा ठरलेला असतो. त्यातून दोन रात्री वाचत असतील तर त्या सफ्रानबोलूला द्याव्यात असं माझं ठाम मत आहे. अंकाराच्या उत्तरेला साधारण सव्वादोनशे किलोमीटरवर, काराब्यूक प्रांतात, काळ्या समुद्राच्या अलीकडच्या डोंगरांत हे गाव आहे. 1994 पासून ते जागतिक वारसा यादीत आहे, तरी आपल्याकडच्या सहल कंपन्यांच्या कार्यक्रमात ते फारसं दिसत नाही.

या गावावर जीव जडतो तो एखाद्या भव्य इमारतीमुळे नाही. अख्खं ऑटोमन गाव जसं राबत होतं तसं समजून घेता येतं, म्हणून. त्यासाठी आधी गावाची मांडणी डोक्यात बसवा, नाहीतर नुसती जुनी घरं बघून परताल.

गावाचे तीन भाग आहेत. चार्शी म्हणजे खोल दरीतला बाजार आणि थंडीतली घरं. कीरानकॉय म्हणजे वरचा सपाटीचा भाग. इथे पूर्वी ग्रीक ऑर्थोडॉक्स वस्ती होती, 1923 च्या लोकसंख्या अदलाबदलीच्या करारानंतर ती ग्रीसला गेली. आता बँका, बस कंपन्या, रोजचा व्यवहार सगळा तिथे. आणि बालार म्हणजे उंचावरचा, मळे-बागांचा भाग. चार्शीची कुटुंबं उन्हाळ्यात बिऱ्हाड हलवून बालारच्या घरात जात. दरीत थंडीचं वारं अडतं, पण उन्हाळ्यात तिथे घुसमट होते. बालारला झाडी, पाणी आणि मोकळी हवा. ज्यांना झेपे त्यांची दोन घरं असत.

मुक्काम चार्शीत करा. दिवसाच्या बसगाड्या गेल्या की गल्ल्या मोकळ्या होतात आणि सकाळी नऊपर्यंत तशाच असतात. गावाची खरी ओळख त्याच वेळात होते.

दगडी_जिना
छान धागा. जायचं कसं तेही इथेच असू द्या.

अंकाराच्या मुख्य बस स्थानकातून थेट बस मिळते, तीन-सव्वातीन तास. इस्तंबूलहून पाच ते सहा तास, रस्त्यावरच्या गर्दीप्रमाणे. तिकीट काढताना शेवटचा थांबा नीट वाचा. काही गाड्या काराब्यूकलाच संपतात. ते वेगळं शहर आहे, आठ-दहा किलोमीटर अलीकडे. तिथून कीरानकॉयला मिनीबस म्हणजे दोल्मुश सारख्या सुटतात. कीरानकॉय ते चार्शी सुमारे दोन किलोमीटर, सगळा उतार. सामान असेल तर दोल्मुश किंवा टॅक्सी घ्या. दोल्मुशसाठी सुटे लिरा हाताशी ठेवा.

लिराचे भाव झपाट्याने बदलतात, म्हणून वर्षभरापूर्वीच्या लेखातल्या प्रवेश फी आणि खोल्यांच्या दरांवर हिशेब मांडू नका.

पूर्वा_प
अंकाराहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणं जमेल का? सोबत सत्तरीचे सासू-सासरे आहेत. आणि व्हिसाचं काय?

केशरवाट
@पूर्वा_प, जमेल, पण सहा-सात तास गाडीत जातील आणि गावात नेमके गर्दीचे तास वाट्याला येतील. त्यातून शनिवार-रविवार असेल तर अंकारा आणि इस्तंबूलच्या सहली एकाच वेळी आलेल्या असतात. सासू-सासरे सोबत असतील तर मी एक रात्र तरी राहा असंच म्हणेन, मंगळवार ते गुरुवारच्या मध्ये.

व्हिसा: भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा सरसकट मिळत नाही. शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडचा चालू व्हिसा अथवा निवास परवाना असेल तरच मिळतो, आणि तोही व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला हवा. आधाराला दुसऱ्या देशाचा ई-व्हिसा चालत नाही. नसेल तर अर्ज केंद्रातून रीतसर स्टिकर व्हिसा. नियम बदलत राहतात, अर्ज करायच्या आठवड्यात अधिकृत संकेतस्थळ बघाच.

दगडी_जिना
ज्येष्ठांसाठी एक महत्त्वाचं. चार्शीतले रस्ते ओबडधोबड दगडांचे आहेत आणि दोन्ही कडांकडून मध्याकडे उतरते ठेवलेले आहेत, पावसाचं पाणी घरांच्या पायथ्याशी न साचता मधून वाहून जावं म्हणून. त्यामुळे चालताना पाऊल कायम तिरकं पडतं आणि घोट्यावर ताण येतो. कडक तळव्याचे बूट इथे घसरतात. रबरी, जाड खाचांचा तळवा हवा. चाकांची बॅग ओढणं विसरा, चाक दगडांच्या फटीत अडकून निखळतं. हॉटेल गल्लीत आत असेल तर आधी कळवा, बरेच जण सामान न्यायला माणूस पाठवतात.

सासऱ्यांचे गुडघे दुखत असतील तर आरास्ता (जुना जोड्यांचा बाजार), क्योप्रुलू मेहमेत पाशा मशीद आणि जिन्जी हान (काफिल्यांची जुनी सराई) हा तळातला टापू निवडा. तिथे चढ फार कमी आहे.

ओटीमाजघर
घरांबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे येऊन घर आतून न पाहणं म्हणजे अर्धं गाव हुकणं. कायमाकामलार एवी हे संग्रहालय केलेलं घर त्यासाठी सगळ्यात सोयीचं.

बाहेरून सुरुवात करा. तळमजला दगडाचा, गल्लीच्या वळणाप्रमाणे वाकडातिकडा, खिडक्या जवळजवळ नाहीत. वरचे मजले लाकडी चौकटीचे, चौकटीत कच्च्या विटा, वरून माती-भुशाचा गिलावा आणि चुना. वरचा मजला गल्लीवर पुढे आलेला दिसतो तो शोभेसाठी नाही. खालचा तुकडा तिरका असला तरी वरची खोली काटकोनात बसावी म्हणून तुळया पुढे काढून त्यांना तिरके लाकडी टेकू देतात. कोपऱ्यावर उभं राहून खालची भिंत आणि वरची भिंत यांच्या रेषा ताडून पाहिल्यात की लगेच कळतं.

आत शिरल्यावर फरसबंदीची जागा लागते ती हायात. जनावरं, सरपण, धान्य सगळं इथे. बाहेरच्या बाजूला लाकडी जाळी असते, त्यातून हवा खेळते. त्यावरचा मजला बुटक्या छताचा, कारण थंडीत कमी जागा तापवावी लागते. सगळ्यात वरचा मजला उंच छताचा, तिथे मुख्य खोली: कोरीव छत, तीन बाजूंना खिडक्यांखाली सेदिर म्हणजे भिंतीलगतची बैठक.

प्रत्येक खोली म्हणजे स्वतंत्र बिऱ्हाडच. गाद्या दिवसा भिंतीतल्या युक्लुक नावाच्या कपाटात जातात, रात्री बाहेर येतात. त्या कपाटांपैकी एकाचं दार उघडलंत तर आत गाद्या नसतील. एक माणूस उभा राहील किंवा बसेल एवढी मोरी असेल, खाली पाणी वाहून जायला वाट. हे गुसुलहाने, अंघोळीचं कपाट. एकाच घरात तीन पिढ्या, प्रत्येक जोडप्याची खोली वेगळी आणि न्हाणी खोलीतच.

बायकांचा भाग हारेमलिक, पुरुष पाहुण्यांचा सेलामलिक. आपल्या वाड्यात ओटी आणि माजघर यांत जे अंतर पाळलं जाई तेच इथे भिंतीने पाळलंय. पण जेवण तर पोचवायला हवं. त्यासाठी दोन्ही भागांमधल्या भिंतीत उभ्या आसावर फिरणारं गोल कपाट आहे, दोन्मे दोलाप. इकडून फळीवर ताट ठेवायचं, ढकलायचं, कपाट अर्धा फेरा फिरतं आणि ताट पलीकडे. वाढणारीचा हातही दिसत नाही.

काही श्रीमंत घरांत आत चक्क हौद आहे, खोली एवढा. हवा गार राहते आणि आग लागली तर पाणी हाताशी. लाकडाच्या गावात आगीची धास्ती मोठी. हावुझलू आस्माझलार या घरातला हौद प्रसिद्ध आहे, ते आता हॉटेल आहे.

पूर्वा_प
फार सुंदर लिहिलंत. मग अशाच घरात राहायचं तर खोली निवडताना काय बघावं?

ओटीमाजघर
बुकिंगच्या आधी हॉटेलला चार गोष्टी लेखी विचारा.

न्हाणीघर कुठे आहे? अनेक जुन्या घरांत आजही शॉवर आणि कमोड त्या भिंतीतल्या कपाटातच बसवलेले आहेत. उंबरा गुडघ्याएवढा उंच असू शकतो आणि आत वळायलाही जागा नसते. ज्येष्ठांना हे धोक्याचं. नंतर काढलेलं स्वतंत्र न्हाणीघर असलेली खोली मागा.

किती जिने? लिफ्ट नसते, जुन्या जिन्यांच्या पायऱ्या उंच आणि अरुंद असतात.

मुख्य खोली मिळेल का? छत, बैठक, खिडक्या सगळं तिथेच असतं, पण ती सगळ्यात वर असते. म्हणजे हा आणि आधीचा प्रश्न एकमेकांना काटतात. गुडघे चांगले असतील तर वरची घ्या.

थंडीत जाणार असाल तर गरम करण्याची सोय खोलीतच आहे ना? कच्च्या विटांची भिंत ऊब धरते, पण लाकडी खिडक्यांच्या फटींतून वारं येतं.

आवाजाची तयारी ठेवा. लाकडी तक्तपोशी वाजते, वरच्या मजल्यावरचा माणूस पाणी प्यायला उठला तरी कळतं. बूट दाराशी काढायचे, हा नियम जवळजवळ सगळीकडे.

मसाल्याचा_डबा
कुणी केशराबद्दल का लिहीत नाही? गावाच्या नावातच ते आहे, सफ्रान म्हणजे केशर!

केशराचं झाड बीज धरत नाही, कंदापासूनच वाढतं. इथे कंद ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास लावतात आणि फुलं ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत येतात. तोडणी पहाटे, फूल पूर्ण उमलायच्या आत; ऊन चढलं की पाकळ्या मलूल होतात आणि आतले तंतू काढताना तुटतात. एका फुलात तीनच लाल तंतू. ते वाळले की वजन पाचव्या हिश्शावर येतं. एक ग्रॅम सुक्या केशराला साधारण दीडशे फुलं लागतात. आता आजूबाजूच्या मोजक्या गावांतच लागवड आहे, त्यामुळे शेत बघायचं असेल तर त्याच काळात जा आणि हॉटेलमालकाला आदल्या दिवशी विचारून ठेवा. जून-जुलैत गेलात तर शेतात काही दिसणार नाही, कंद तेव्हा जमिनीखाली झोपलेला असतो.

आता खरेदी. इस्तंबूलच्या मसाला बाजारात 'तुर्की केशर' म्हणून ढिगाने जे मिळतं ते करडईच्या वाळवलेल्या पाकळ्या असतात. हो, तीच आपली सोलापूर-फलटणकडची करडई. तुर्कीत तिला आस्पिर म्हणतात. ढीग करून, चमच्याने काढून विकत असतील तर ते केशर नाही एवढं लक्षात ठेवा. खरं केशर ग्रॅमवर, छोट्या बंद डबीत मिळतं.

ओळख अशी: दोन-चार तंतू कोमट पाण्यात टाका. खरं केशर रंग सावकाश सोडतं, पाणी पिवळं-सोनेरी होतं आणि दहा-पंधरा मिनिटांनीही तंतू लालच राहतो. रंगवलेला माल मिनिटभरात पाणी लालभडक करून स्वतः फिका पडतो. तंतू भिजल्यावर टोकाशी कर्ण्यासारखा पसरतो. करडईच्या पाकळीला टोकाशी बारीक पाच फाटे दिसतात. वास मधासारखा, थोडा औषधी. चव किंचित कडवट. गोड लागलं तर साखरेचं पाणी मारलंय, वजन वाढवायला.

केशरवाट
@मसाल्याचा_डबा, फार कामाचं. झेर्देची (केशर घातलेल्या गोड तांदळाची) कृती असेल तर द्याल का? गावात बऱ्याच ठिकाणी मिळते, पण घरी करताना तांदूळ टणक राहतो.

मसाल्याचा_डबा
तांदूळ टणक राहतो कारण साखर लवकर पडते. साखरेच्या पाण्यात दाणा पुढे शिजत नाही.

अर्धी वाटी जाडा, चिकट होणारा तांदूळ, सहा वाट्या पाणी. आधी नुसत्या पाण्यात तांदूळ बोटाने चेंगरेल इतका शिजवा, मंद आचेवर अर्धा तास तरी. मग एक ते सव्वा वाटी साखर. केशर पंधरा-वीस तंतू, आदल्या रात्री पाव वाटी कोमट पाण्यात भिजवलेलं, पाण्यासकट. शेवटी दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून धार सोडा आणि सतत ढवळा, नाहीतर गाठी होतात. पाच मिनिटं उकळून वाट्यांत ओता. गार झाल्यावर आळते, म्हणून गॅसवर असताना पातळ वाटली तरी आटवू नका. वर मनुका, पिस्ते. दूध अजिबात नाही, हे आपल्या केशरी खिरीहून वेगळं आहे.

निर्मळ_शाकाहारी
शाकाहारी माणसाचं पोट भरतं का तिथे?

दगडी_जिना
भरतं, पण विचारून. नुसतं 'मांस नको' सांगून भागत नाही. कोंबडीला काही जण त्यात धरत नाहीत. 'एत योक, तावुक योक, बालुक योक' असं तिन्हींची नावं घेऊन सांगा. मसुराचं सूप सगळीकडे असतं, पण ते हाडांच्या पाण्यात केलेलं असू शकतं, म्हणून 'एत सुयु वार मी?' हे विचाराच.

स्थानिक पदार्थांत पेरुही बघा: चीज भरलेले कणकेचे चौकोन, उकडून वर लोणी. यायिम नावाच्या घरगुती शेवयांवर अक्रोड घालतात, तेही चालेल. ब्युक्मे ही दुमडलेली पातळ भाकरी पालकाची असते, पण पालकात खिमा मिसळायची पद्धत आहे, विचारल्याशिवाय घेऊ नका. द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या इथे बहुधा खिम्याच्याच. सकाळची न्याहारी मात्र निर्धास्त: ऑलिव्ह, चीज, टोमॅटो, काकडी, मुरंबे, मध, ताजा पाव. बालार गाझोझ हा इथला जुना सोडा, काचेच्या बाटलीतला, जरूर प्या.

पायवाट_नकाशा
गावाबाहेरचं सांगतो.

इन्जेकाया जलसेतू आणि तोकातली नावाची घळ, चार्शीपासून सातेक किलोमीटर. अठराव्या शतकाच्या शेवटी वजीर इझ्झेत मेहमेत पाशाने हा जलसेतू बांधून घेतला. गावातली त्याच्या नावाची मशीद (1796) आणि टेकडीवरचा घड्याळाचा मनोरा (1797) हेही त्याचंच. सेतूच्या माथ्यावरून चालायचा मोह आवरा, वर अरुंद आहे आणि कठडा नाही. घळीत उतरायला पायऱ्या आहेत आणि ओढ्याकाठी चांगली पायवाट. पावसानंतर लाकडी फळ्या शेवाळतात. वर दरीवर काचेचा सज्जा आहे. माझ्या मते पैसे आणि वेळ दोन्ही घळीतल्या चालण्याला द्यावेत, सज्जा दहा मिनिटांत बघून होतो.

योरुक क्योय, पूर्वेला कास्तामोनू रस्त्यावर दहा-बारा किलोमीटर. नियमित वाहन नाही. टॅक्सी ठरवताना थांबण्याचे तास आणि परतीसह एकच आकडा कागदावर लिहून घ्या. तिथलं सार्वजनिक धुणंघर चुकवू नका: मध्ये बारा बाजूंचा मोठा दगड, भोवती बायका उभ्या राहून कपडे धूत. हे बेक्ताशी या सूफी पंथाचं गाव, बारा हा आकडा बारा इमामांचा.

हिदिर्लिक टेकडीवरून पूर्ण चार्शी दिसते. पहिल्या दिवशी आल्या आल्या तिथे चढा. वरून मशिदींचे घुमट, हान, हमामचे छोटे घुमट ओळखून ठेवलेत की खाली वाट चुकत नाही.

ओटीमाजघर
वर घड्याळाचा मनोरा आलाच आहे, तर क्योप्रुलू मेहमेत पाशा मशिदीच्या (1661) अंगणातली सावलीची घड्याळ-शिळाही बघा. मशिदीलगतचा आरास्ता हा येमेनी नावाचे चामडी जोडे शिवणाऱ्यांचा बाजार. चामडं कमावण्याची जागा ओढ्याच्या खालच्या अंगाला, वास आणि घाण पाणी वस्तीकडे येऊ नये म्हणून. लोहार, तांबट, खोगीर करणारे यांच्या गल्ल्या वेगवेगळ्या. तेराव्या शतकापासून रेल्वे येईपर्यंत हे काफिल्यांच्या वाटेवरचं ठाणं होतं. काफिल्याला लागतं ते सगळं इथे: जनावराला नाल, माणसाला जोडा, रात्रीला जिन्जी हान (1645), अंघोळीला शेजारचा हमाम. हमाम आजही चालू आहे, पुरुष आणि बायकांचे भाग वेगळे.

आणि हे सगळं टिकलं कसं? 1937 मध्ये शेजारच्या काराब्यूकला पोलाद कारखान्याची पायाभरणी झाली, 1939 ला तो सुरू झाला. रोजगार, नवी घरं, रुंद रस्ते सगळं तिकडे गेलं. चार्शीत पाडून बांधायचा दबावच आला नाही. पुढे 1970 च्या दशकात जपणुकीचे नियम आले तेव्हा जपायला गाव शिल्लक होतं. म्हणून येताना काराब्यूकच्या धुराड्यांकडे बघून नाक मुरडू नका, हे गाव त्यांचं देणं लागतं.

निर्मळ_शाकाहारी
लोकुम (तुर्की मिठाई) आणायचा आहे. दहा दिवस टिकेल का? जिलेटिन असतं का त्यात?

मसाल्याचा_डबा
पारंपरिक लोकुम साखर, पाणी, स्टार्च आणि थोडं सायट्रिक आम्ल यांचा, जिलेटिन नसतं. तरी वेष्टनावरचे घटक वाचा. दोन तासांच्या आसपास सतत ढवळत शिजवतात, स्टार्च पसरलेल्या ताटात ओततात, दिवसभर निवू देतात, मग कापतात. कमी शिजलेला दाताला चिकटतो आणि दोन दिवसांत पाझरतो. दुकानात चव घ्यायला देतातच. दाबून सोडल्यावर तुकडा परत फुगला पाहिजे आणि चावताना स्वच्छ तुटला पाहिजे. केशराचा म्हणून गडद नारिंगी दिसत असेल तर तो रंग आहे, केशराचा लोकुम फिकट पिवळा असतो.

दहा दिवस सहज टिकतो, पुठ्ठ्याच्या डब्यात आणि त्याच्या पिठीसाखर-स्टार्चसकट. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला तर घाम धरतो. फ्रिजमध्येही नको, बाहेर काढल्यावर दव बसून चिकट होतो. सुक्यामेव्याचा घ्यायचा तर 'दुब्ले' मागा, त्यात पिस्ता-हेझलनट जवळजवळ अर्धा असतो. मुंबईच्या दमट हवेत पोचल्यावर डबा उघडलात की चार दिवसांत संपवा.

पूर्वा_प
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री ठरवल्या, बुधवार-गुरुवार, ऑक्टोबरचा चौथा आठवडा. तळातल्या टापूत, पहिल्या मजल्यावर, वेगळं न्हाणीघर असलेली खोली मागितली आहे. तिथून पुढे काळ्या समुद्रावरच्या आमास्राला जायचं तर?

पायवाट_नकाशा
बार्तिनला गाडी बदलून साधारण दोन-अडीच तास. सकाळची पहिली गाडी धरा, बार्तिनहून आमास्राची मिनीबस पुढे मिळते. घाटात वळणं खूप आहेत, सासूबाईंना गाडी लागत असेल तर पुढची जागा आधीच सांगून ठेवा. ऑक्टोबरअखेर काळ्या समुद्राकडे पाऊस असतो, छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट बरा, वाऱ्यात छत्री टिकत नाही.